नेत्रदान करायचंय? मग मयताच्या तोंडावरचा पंखा आधी बंद करा

उन्हाळ्यात घरात कुणी वारलं की लांबच्या लेकीची वाट बघत चार-पाच तास सहज जातात. उकाडा असतो, म्हणून मयताच्या उशालाच टेबल फॅन लावतात. डोळे दान करायचे असतील तर नेमकं हेच करू नका.

बुबुळावर काचेसारखा पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. नेत्रदानात तोच कामाला येतो. त्याच्या आतल्या बाजूच्या पेशी मोटर चालू असावी तसं पाणी सतत उपसत असतात. माणूस गेला की हे काम थांबतं, पडदा पाणी धरून फुगतो आणि धुरकट होत जातो. उष्णता जास्त असेल तर पेशी लवकर मरतात, गारव्यात हेच सावकाश घडतं. पापण्या उघड्या राहिल्या तर वाऱ्यानं डोळा वरूनही वाळतो. मग काही तासांत पांढऱ्या भागावर तपकिरी-काळसर पट्टा दिसतो. तो बघून मारहाणीची शंका घेतात, पण तो निव्वळ वाळल्याचा डाग असतो.

पत्र्याच्या घरातला डोळा आणि शवागारातला डोळा सारखा बदलत नाही. त्यामुळं एकट्या डोळ्यांवरून मृत्यूची वेळ पक्की सांगता येत नाही.

नेत्रदान साधारण 6 तासांच्या आत व्हावं लागतं. उन्हाळ्यात तेवढी वाट बघूच नये, नेत्रपेढीला लगेच फोन करावा. नंबर माहीत नसेल तर ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात विचारा. पथक येईपर्यंत पापण्या हलक्या हातानं मिटवून वर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या. डोक्याखाली उशी द्यायची, म्हणजे डोळ्यांत रक्त उतरत नाही. एसी असेल तर चालू करा. पंखा लागलाच तर माणसांकडं फिरवा, मयताकडं नको.

काढायला 15-20 मिनिटं लागतात. चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, शुगर, बीपी असलं तरी चालतं. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, रेबीज असेल तर मात्र चालत नाही. गेलेल्यानं फॉर्म भरला नसला तरी जवळच्या वारसांनी लेखी संमती दिली की झालं. अपघात किंवा पोलीस केस असेल तर आधी पोलिसांना आणि पोस्टमॉर्टेमच्या डॉक्टरांना विचारा.

पथक कॉर्निया खास द्रावणात घालून गार पेटीतून नेतं. साध्या द्रावणात तो फ्रिजच्या गारव्याला 4 दिवस टिकतो.