नावाची नोंदवही कोणाच्या हाती?

२०२३च्या सप्टेंबरमध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या सफारीचे बुकिंग नव्या पत्त्यावर गेले. आधीचा पत्ता ‘मायताडोबा डॉट ओआरजी’, नवा ‘मायताडोबा डॉट महाफॉरेस्ट डॉट गव्ह डॉट इन’. त्याआधीच्या महिन्यात, ऑगस्टमध्ये, बुकिंगचे काम पाहणाऱ्या खासगी एजन्सीने बारा कोटींहून अधिक रक्कम प्रकल्पाकडे भरली नाही, अशी तक्रार चंद्रपूर पोलिसांत दाखल झाली होती. पैशाचा निवाडा न्यायालयात व्हायचा तो होईल. या विवेचनाचा विषय पत्त्याची बदललेली शेपटी आहे. ‘ओआरजी’ जाऊन ‘गव्ह डॉट इन’ आले, म्हणजे नेमके कोणाचे नियंत्रण सुटले आणि कोणाचे आले?

इंटरनेटवरील नावांची आजची व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. त्याआधी जगातल्या सगळ्या जोडलेल्या संगणकांची नावे एकाच यादीत असत आणि ती कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत सांभाळली जाई. मोकापेट्रिस यांनी यादीचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या सांभाळणाऱ्याकडे सोपवला. पत्ता वाचायचा तो उजवीकडून. सर्वांत वर मूळ नोंदवही. तिला फक्त ‘इन’, ‘ओआरजी’, ‘कॉम’ यांसारख्या अंत्यनामांचे सांभाळकर्ते ठाऊक. ‘इन’ला ‘गव्ह’ कोणाकडे ते ठाऊक, ‘गव्ह’ला ‘महाफॉरेस्ट’, आणि ‘महाफॉरेस्ट’ला ‘मायताडोबा’. वरच्याला खालच्याची अंतर्गत माहिती नसते. पण खालच्याची नोंद पुसण्याची किंवा दुसरीकडे वळवण्याची ताकद त्याच्याकडेच असते. सत्ता अशी पायरीपायरीने वाटलेली असल्याने ‘इंटरनेटची मालकी कोणाची’ हा प्रश्न एका उत्तरात मावत नाही. कोणत्या पायरीवरची, असे आधी विचारावे लागते.

वर्तमानपत्रांतली चर्चा मात्र नेहमी सर्वांत वरच्या पायरीवर अडकलेली असते. ती पायरी रंजक आहे, हे खरे. जॉन पोस्टेल नावाचे संशोधक वर्षानुवर्षे ही मूळ नोंदवही जवळजवळ एकहाती सांभाळत होते. जानेवारी १९९८ मध्ये त्यांनी आठ मूळ सर्व्हरांच्या चालकांना एक ईमेल पाठवली आणि त्या चालकांनी आपला मुख्य स्रोत पोस्टेल यांच्या संगणकाकडे वळवला. अमेरिकी सरकार हादरले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘आयकॅन’ ही ना-नफा संस्था कॅलिफोर्नियात स्थापन झाली. पण मूळ नोंदवहीतला प्रत्येक बदल अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या नजरेखालून जाई. भारताने २०११ मध्ये इंटरनेटच्या कारभारासाठी संयुक्त राष्ट्रांत सरकारांची समिती नेमण्याचा प्रस्ताव मांडला. २०१५ मध्ये त्याच भारताने सरकार, कंपन्या, तंत्रज्ञ आणि नागरिक अशा सर्व घटकांनी मिळून चालवण्याच्या पद्धतीला पाठिंबा दिला. अमेरिकेची देखरेख १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपली आणि त्यानंतरची आयकॅनची पहिली बैठक पुढच्याच महिन्यात हैदराबादेत भरली.

पण या मूळ नोंदवहीत सुमारे दीड हजारच नोंदी आहेत. ताडोबा तिला माहीत नाही. ताडोबाच्या मोहर्ली गेटवर उभ्या असलेल्या पर्यटकाचे पैसे कुठे गेले, याच्याशी त्या पायरीचा काडीचा संबंध नाही. म्हणून खाली उतरायला हवे.

ओआरजीची नोंदवही ‘पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री’ ही अमेरिकी ना-नफा संस्था सांभाळते. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये ती ‘इथॉस कॅपिटल’ या गुंतवणूक कंपनीला एक अब्ज साडेतेरा कोटी डॉलरना विकण्याचा सौदा जाहीर झाला. स्वयंसेवी संस्थांनी गिल्ला केला. कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी विरोधाचे पत्र दिले आणि ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने संमती नाकारली. निर्णय चांगलाच झाला. तरी त्यातून एक गोष्ट दिसते: ओआरजीत नाव घेणाऱ्या भारतीय संस्थेचे भवितव्य एका परक्या राज्याच्या कायदा अधिकाऱ्याच्या जागरूकतेवर टेकलेले असते, आणि त्या संस्थेला त्या निर्णयात मत नसते. शिवाय ओआरजीत कोणालाही नाव मिळते. ‘ताडोबा’ शब्द जोडलेले दुसरे एखादे नाव मागणाऱ्याला ‘तुम्ही वनखाते आहात का’ असे विचारणारा तिथे कोणी नाही. साधर्म्याचा वाद काढायचा तर १९९९ पासूनची आंतरराष्ट्रीय लवाद-पद्धत आहे; पण ती व्यापारचिन्हाच्या हक्कावर उभी आहे. पर्यटकाची फसवणूक हा तिचा विषय नव्हे.

‘इन’चा इतिहास तर मुंबईतला. २००५ पूर्वी या नावांची नोंदणी जुहूच्या ‘एनसीएसटी’ या सरकारी संशोधन संस्थेत होई. नियम इतके कडक की नावे काही हजारांच्या पुढे गेली नाहीत. जानेवारी २००५ पासून नोंदवही केंद्राच्या ‘निक्सी’ या संस्थेकडे आली, दारे खुली झाली आणि संख्या लाखांत गेली. धोरण दिल्लीचे असले तरी यंत्रणा प्रत्यक्ष चालवण्याचे कंत्राट आधी ‘अफिलियास’ आणि २०१९ पासून ‘न्यूस्टार’ या परदेशी कंपन्यांकडे होते. सार्वभौमत्वाची भाषणे ऐकताना हेही लक्षात ठेवावे.

‘गव्ह डॉट इन’ची दारे मात्र बंदच आहेत. तिथे नाव देण्याचा अधिकार एकट्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राला, म्हणजे एनआयसीला, आणि मागणारा सरकारी असावा लागतो. इथे आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. नव्या पत्त्यात ‘मायताडोबा’ ही नोंद ‘महाफॉरेस्ट’च्या नोंदवहीतली आहे. बुकिंगचे सॉफ्टवेअर उद्या दुसऱ्या कंत्राटदाराकडे गेले, तर ती नोंद नव्या सर्व्हरकडे वळवली की झाले. पर्यटकाला नवा पत्ता शिकावा लागत नाही. काम कंत्राटाने देता येते, नाव देऊ नये, हे तत्त्व त्या बदलात आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये हीच वाट धरली. सर्व बँकांना, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनाही, ‘बँक डॉट इन’ या बंद दाराच्या नावाखाली येण्यास ३१ ऑक्टोबरची मुदत दिली.

अर्थात बंद दार म्हणजे राखण नव्हे. सरकारी पत्त्यांखालून वाचकाला सट्टेबाजीच्या पानांवर नेल्याची प्रकरणे देशात उघडकीस आली आहेत. नाव शाबूत असते. त्याखालच्या जुन्या, विसरलेल्या नोंदी कोणी तपासत नाही.

नाव आणि नोंदवही यांतला हा फरक शेजारच्या गडचिरोलीला नवा नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळाला. बांबू गावाचा झाला. पण तो गावाबाहेर न्यायला लागणारी ‘टीपी’, वाहतूक परवाना, वनखातेच देणार होते. परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले २७ एप्रिल २०११ रोजी. तोवर हक्क होता आणि वापर नव्हता. डोमेन नावाचेही असेच. वेबसाइटवर संस्थेचे नाव, फोटो, बोधचिन्ह सगळे असते. पण नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीकडच्या, म्हणजे रजिस्ट्रारकडच्या, खात्यात नोंदणीदार म्हणून वेबसाइट करून देणाऱ्याचा ईमेल असेल, तर टीपीचे पुस्तक त्याच्या खिशात आहे.

एका पायरीवर मात्र गडचिरोलीला हक्कही नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतले ‘डॉट भारत’ सुरू झाले. देवनागरीचे मूळ पातळीवरचे नियम ठरवणाऱ्या तज्ज्ञगटाने मराठीच्या ‘ऱ्या’सारख्या अक्षरांचाही विचार केला, आणि निक्सीची भारतीय भाषांतली अंत्यनामे आज आठव्या अनुसूचीतल्या बावीसही भाषांना पुरतात. गडचिरोलीत बोलली जाणारी गोंडी त्या अनुसूचीत नाही. तिच्या दोन लिपी, मसराम २०१७ मध्ये आणि गुंजाळा २०१८ मध्ये, युनिकोडमध्ये आल्या. म्हणजे संगणकाला अक्षरे कळतात. पण मूळ नोंदवहीच्या लिपीयादीत त्या नाहीत. माझ्या मते हा तांत्रिक प्रश्न उरलेलाच नाही. तो दिल्लीतल्या अनुसूचीचा आहे, आणि तो आयकॅनपुढे मांडून काही हाती लागणार नाही.

गडचिरोलीतल्या ग्रामसभा आज तेंदू-बांबूचे लिलाव स्वतः पुकारतात. उद्या त्या ऑनलाइनही पुकारतील. तेव्हा वेबसाइटच्या करारनाम्यात तीन ओळी घालाव्यात. नाव ग्रामसभेच्या नावाने नोंदवायचे. खात्याचा ईमेल आणि मोबाइल क्रमांक ग्रामसभेचा, कंत्राटदाराचा नव्हे. नूतनीकरणाची तारीख ठरावबुकात लिहायची. नोंदणीला वर्षाकाठी सहसा हजार रुपयेही लागत नाहीत.