देवगिरी पडली, वेस उभीच राहिली

दोस्तांनो, पिंपळगाव बसवंतहून आग्रा रोडने चांदवडला जाताना ध्यानात ठेवा, यादवांचं राज्य ह्याच मातीतून उठलं. नवव्या शतकात दृढप्रहाराने चांदवडला ठाणं मांडलं. पुढं सिन्नर राजधानी झाली. बाराव्या शतकाच्या अखेरीला पाचवा भिल्लम देवगिरीवर बसला. सिंघणाच्या काळात राज्य नर्मदेपासून तुंगभद्रेपर्यंत पोचलं.

मग बुडालं कसं? साच्यावर सूत तुटलं की कामगार आधी सुतातली गाठ बघतो. आपणही तेच करू.

१२७१ साली रामदेवरायाने चुलतभावाचे डोळे काढून गादी घेतली. १२९६ साली अल्लाउद्दीन काही हजार घोडेस्वार घेऊन अचलपूरमार्गे आला, तर दरबार गाफील. मुख्य फौज राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर. किल्ल्यात धान्य म्हणून भरलेल्या पोत्यांत मीठ निघालं, अशी कथा सांगतात. खंडणी कबूल केली. ती थकली म्हणून १३०७-०८ साली मलिक काफूर आला, राजाला दिल्लीला घेऊन गेला. पुढं शंकरदेव मारला गेला. १३१८ साली हरपालदेवाला हाल करून मारलं आणि यादव संपले.

ह्या दरबाराचा दप्तरप्रमुख हेमाद्री. त्याचा ग्रंथ ‘चतुर्वर्गचिंतामणी’. त्यात व्रतं, दानं, श्राद्धं ह्यांचा ढीग. निव्वळ त्यामुळं राज्य बुडालं असं मी म्हणत नाही. शत्रूही बळाचा होता, घरातली फूटही होती. पण राज्याची अक्कल कशात खर्च व्हत होती ते दिसतं. आणि ज्याला देवळाच्या पायरीवरही उभं करत नव्हते, त्याला त्या राज्याचं सुतक कशापायी?

आता पुढचं ऐका. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. तवा यादव संपून वीस वर्षं झाली होती. राजा बदलला, धर्म बदलला, दरबाराची भाषा बदलली. वेठ मात्र तीच, वेठीला धरलेला माणूसही तोच. हाडं पंढरपूरला आणली, ती महाद्वाराच्या बाहेरच पुरली.

बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत चोखोबांचं नाव घातलं, रामदेवरायाचं नाही. नाशिकला काळारामाच्या दारात १९३० पासून सत्याग्रह करून पाहिला. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला ह्याच जिल्ह्यात, येवल्याला, धर्म सोडायची घोषणा केली.

कुणी राज्य बुडाल्याचं दुःख सांगायला आलं तर एवढंच विचारा: भिंत कोण बांधत होतं, आणि आत कोण राहत होतं?