काळी पडलेली बाटली

अन्नपाण्याच्या बाबतीत मनुष्याची भिस्त शतकानुशतके डोळे, नाक आणि जीभ यांवरच होती. जे निर्मळ दिसते ते शुद्ध, ही समजूत घरोघर रुजलेली होती. तिची जबर किंमत मोजावी लागल्याची एक घटना ग्वाल्हेरच्या परिसरातच घडली. १८१७ च्या नोव्हेंबरात दौलतराव शिंद्यांना तहास भाग पाडण्यासाठी आलेली लॉर्ड हेस्टिंग्जची फौज सिंध नदीच्या काठी उतरली होती. तह झाला, परंतु त्याच सुमारास छावणीत पटकी शिरली. थोड्याच दिवसांत हजारो माणसे दगावली आणि तळ उठवावा लागला. पटकी दूषित पाण्यातून पसरते, हे ज्ञान त्या काळी कोणापाशीच नव्हते.

पुढे याच ग्वाल्हेरातून दूषित पाणी ओळखण्याचा एक साधा उपाय निघाला. १९४७ साली येथे जिवाजीराव शिंद्यांच्या नावाने औद्योगिक संशोधनशाळा स्थापन झाली. १९७३ मध्ये तिचेच रूपांतर संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेत झाले. तेथील मंजा, मौर्य व राव या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत एक चाचणी प्रसिद्ध केली. लहान बाटलीत रसायने मुरवलेली कागदाची पट्टी ठेवावयाची, पाणी भरावयाचे आणि बाटली १२ ते १८ तास उबदार जागी राहू द्यावयाची, इतकीच तिची कृती. विष्ठेबरोबर येणारे अनेक जंतू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. पट्टीतील लोहक्षाराशी त्याचा संयोग झाला की पाणी काळे पडते. असा वायू इतर काही जंतूही सोडतात, म्हणून ही खूण निर्णायक नव्हे, इशाऱ्याची होय. तथापि प्रयोगशाळा नसलेल्या खेड्यातही अदृश्य दोष तिने डोळ्यांना दाखविला.

हाच दोष मांसातही शिरतो. जनावर कापताना आतड्यातील घाण मांसाला लागते. अखंड तुकड्यावर जंतू बहुधा वरच राहतात व आचेने मरतात. खिम्यात मात्र ते आतपर्यंत मिसळतात. १९९३ च्या प्रारंभी अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या गोमांसाच्या खिम्यातून ई. कोलाय जंतूची बाधा होऊन ७०० हून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. १९९७ मध्ये तेथील हडसन फूड्स कंपनीने प्रथम २०,००० पौंड माल परत मागविला. काही दिवसांतच तो आकडा अडीच कोटी पौंडांवर गेला. आदल्या दिवशी उरलेला खिमा दुसऱ्या दिवशीच्या घाण्यात मिसळण्याची रीत त्या कारखान्यात होती. त्यामुळे दूषित माल कोठे संपतो, हे कोणालाच सांगता येईना. मोठे गिऱ्हाईक तुटले आणि पुढल्याच वर्षी ती कंपनी दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली.

आकडा वाढत गेला तसा विश्वास ओसरत गेला. माल परत मागविणे हा शेवटचा उपाय होय. खरा बंदोबस्त कत्तलखान्यातील स्वच्छता, प्रत्येक घाण्याची वेगळी नोंद आणि चुलीवरील पुरेशी आच यांतच आहे. आमच्या मालात दोष नाही, असे विक्रेत्याने नुसते सांगून गिऱ्हाइकाची खात्री पटत नाही. दोष असेल तर तो दिसेल, अशी सोय ज्या व्यवहारात असते, तेथेच लोकांचा विश्वास टिकतो. ग्वाल्हेरच्या त्या काळ्या पडणाऱ्या बाटलीने हेच शिकविले.