फ्लोट गेला, पडदा आला

साखळी-करवतीचा कार्बोरेटर दुरुस्तीसाठी घरी उघडला, तर जुन्या स्कूटरच्या कार्बोरेटरमध्ये असतो तसा फ्लोट आपल्याला त्यात सापडत नाही. सापडतो एक पातळ, लवचीक पडदा. असे का?

१८९३ साली जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी फ्लोट असलेला फवारा-कार्बोरेटर तयार केला. टाकीतल्या बॉलकॉकप्रमाणे फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो. पण तरंगायचे तर 'वर' आणि 'खाली' ठरलेले हवे. १९४० साली ब्रिटिश लढाऊ विमानाने एकदम नाक खाली घातले, की त्याचे मर्लिन इंजिन अडखळे, ते यामुळेच. बिआट्रिस शिलिंग या अभियंतीने १९४१ साली नेमक्या भोकाची चकती बसवून पेट्रोलचा लोंढा आवरला. फ्लोट मात्र राहिलाच.

करवतीचीही हीच अडचण होती. झाड पाडताना पाते आडवे, ओंडका कापताना उभे. इंजिन मात्र सरळच ठेवावे लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर पडद्याचे कार्बोरेटर रुळले आणि ही अट सुटली. पडद्याच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पेट्रोल. इंजिनाने पेट्रोल ओढले की हवेचा दाब पडद्याला आत ढकलतो, तरफ दबते आणि सुई-झडप उघडते. येथे गुरुत्वाकर्षणाची जागा दाबातील फरकाने घेतली. पडदा ताठरला की हे सारे बिघडते. म्हणून दुरुस्तीत आपण प्रथम पडदाच बदलतो.

अंतराळयानात फ्लोट चालेल का? विद्यार्थ्यांना विचारून पाहावे.