शब्दखेळांचा इतिहास : शब्द डोक्यात राहतो तरी कसा?

आज शब्दखेळांबद्दल बोलू. सुरुवात एका विचित्र विजयापासून.

२०१५ साल, बेल्जियम. फ्रेंच भाषेतल्या स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा चालू आहे. जिंकतो कोण? न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स. आणि या माणसाला फ्रेंच बोलता येत नाही! स्पर्धेआधी सुमारे नऊ आठवडे बसून त्याने फ्रेंच शब्दांची यादी पाठ केली होती. पुढे २०२४ मध्ये त्याने स्पॅनिश स्क्रॅबलची जागतिक स्पर्धाही जिंकली. स्पॅनिशही त्याला बोलता येत नव्हतं.

आता सांगा, या माणसाची फ्रेंच शब्दसंपत्ती मोठी म्हणायची की शून्य?

‘शब्दखेळ खेळा, शब्दसंपत्ती वाढेल’ असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण खेळाखेळात फरक असतो. कुठला खेळ शब्दाचं काय करतो, हे त्या खेळांचा इतिहास पाहिला की नीट कळतं.

पहिला खेळ, शब्दकोडं. २१ डिसेंबर १९१३ ला ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्राच्या ‘फन’ नावाच्या पुरवणीत आर्थर विन या संपादकाने एक कोडं छापलं. विन मूळचा लिव्हरपूलचा. कोड्याचा आकार पतंगासारखा होता आणि नाव होतं ‘वर्ड-क्रॉस’. काही आठवड्यांनी छपाईत शब्दांची उलटापालट झाली आणि ‘क्रॉस-वर्ड’ हेच नाव कायमचं चिकटलं. १९२४ मध्ये सायमन अँड शुस्टर या नव्या प्रकाशकांनी कोड्यांचं पहिलं पुस्तक काढलं. आपलं हसं होईल या भीतीने पुस्तकावर स्वतःचं नाव टाकलं नाही, वेगळंच नाव छापलं. सोबत एक पेन्सिल दिली. पुस्तक तुफान खपलं. त्याच वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या वेडाला वेळेची नासाडी ठरवलं होतं. आणि गंमत बघा, १९४२ मध्ये त्याच टाइम्सने स्वतःचं शब्दकोडं सुरू केलं.

शब्दकोड्यात तुम्ही अर्थाकडून शब्दाकडे जाता. ‘घोड्यांचा तबेला, दोन अक्षरी’ असं वाचलं की डोकं खाजवता आणि मग ‘पागा’ सापडतो. शोधायला कष्ट पडले, म्हणून तो लक्षात राहतो.

दुसरा खेळ, स्क्रॅबल. १९३० च्या दशकात, जागतिक मंदीत, आल्फ्रेड बट्स नावाच्या आर्किटेक्टची नोकरी गेली. रिकाम्या वेळात त्याने वर्तमानपत्राची पानं घेऊन कुठलं इंग्रजी लेटर किती वेळा येतं ते मोजलं. त्यावरून सोंगट्या ठरल्या. एकूण शंभर, त्यांत ‘ई’ बारा, प्रत्येकी एक गुण. ‘क्यू’ आणि ‘झेड’ एकेकच, पण दहा-दहा गुणांचे. ‘एस’ मात्र त्याने मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर प्रत्येक जण शब्दाला ‘एस’ जोडून अनेकवचनं करत बसला असता. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनोने हा खेळ ‘स्क्रॅबल’ नावाने बाजारात आणला.

इथे गुण मिळतात ते लेटरच्या दुर्मिळपणाला. अर्थ कुणी विचारतच नाही. म्हणून तर रिचर्ड्स फ्रेंच न येता जिंकू शकला. त्याची स्मरणशक्ती अफाट आहे, यात वाद नाही. पण त्या शब्दांनी तो बेकरीत जाऊन पाव मागू शकत नाही.

आता आपल्याकडे येऊ. हे खेळ मराठीत आणायचे तर पहिली अडचण चौकोनाची. इंग्रजीत एका चौकोनात एक लेटर. मराठीत एका चौकोनात अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटी आणि जोडाक्षरासकट. ‘महाराष्ट्र’ इंग्रजीत लिहायला अकरा चौकोन लागतात, मराठीत चार : म, हा, रा, ष्ट्र. आता हा शेवटचा ‘ष्ट्र’ उभ्या शब्दात कुठे बसवणार? ‘ष्ट्र’ने सुरू होणारा शब्द आपल्याकडे नाही. ‘राष्ट्र’, ‘सौराष्ट्र’ असे शेवटी येणारेच शोधावे लागतात. म्हणून इंग्रजीसारखं घट्ट विणलेलं कोडं मराठीत जमवणं अवघड जातं. पेपरातलं ‘आडवे शब्द, उभे शब्द’ जुळवणाऱ्याला मनापासून सलाम! स्क्रॅबलचं तर विचारूच नका. एकट्या ‘क’ची बाराखडी म्हणजे बारा सोंगट्या, जोडाक्षरं वेगळीच.

पण मग मराठी शब्दखेळांत कमी पडते का? अजिबात नाही. आपले खेळ कानाने खेळायचे आहेत. ‘रामाला भाला मारा’ उलटं वाचा. ‘ती होडी जाडी होती’ उलटं वाचा. अक्षराअक्षराने तेच येतं. ‘चिमा काय कामाची’मध्ये पहिली ‘चि’ ऱ्हस्व आणि शेवटची दीर्घ, पण बोलताना कानाला ते चालून जातं. भेंड्यांचंही तसंच. शेवट ‘ळ’वर आला की कुणीतरी ओरडतं, ‘ल’ घ्या! कारण ‘ळ’ने सुरू होणारा मराठी शब्द नाही. व्याकरणाचा हा नियम शाळेत कुणी शिकवायच्या आधीच खेळाने शिकवलेला असतो.

आणि माझ्या मते सगळ्यात हुशार खेळ म्हणजे नाव-गाव-फळ-फूल. नियम आठवा. अक्षर आलं ‘क’. फुलाच्या रकान्यात दोघांनी ‘कमळ’ लिहिलं तर पाच-पाच गुण. तुम्ही एकट्याने ‘कण्हेर’ किंवा ‘कोरांटी’ लिहिलं तर पूर्ण दहा. म्हणजे दुर्मिळ शब्दाला जास्त गुण. पण फळाच्या रकान्यात फूल चालत नाही, त्यामुळे अर्थ माहीत असावाच लागतो. शिवाय समोरचा ‘कोरांटी म्हणजे काय रे?’ असं विचारतो आणि तुम्हाला सांगावं लागतं. स्क्रॅबलचा दुर्मिळपणा, शब्दकोड्याचा अर्थ आणि वर बोलणं, हे सगळं एका वहीच्या पानावर.

शेवटचा खेळ तुमच्या फोनवरचा, वर्डल. जॉश वॉर्डलने तो आपली जोडीदार पलक शाह हिच्यासाठी बनवला. इंग्रजीतले पाच लेटरचे शब्द सुमारे बारा हजार. पलकने ते एकेक करून तपासले आणि आपल्याला माहीत असलेले साधारण अडीच हजार निवडले. ऑक्टोबर २०२१ मध्ये खेळ सगळ्यांसाठी खुला झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये तो न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला. उत्तरं ओळखीच्या शब्दांतून निवडलेली, म्हणून जगभर लोक अडकले. पण त्याच कारणाने वर्डलमधून नवा शब्द क्वचितच मिळतो. तो ओळखीचे शब्द घासूनपुसून लख्ख ठेवतो, इतकंच.

तर मंडळी, ‘माझं मराठी कच्चं आहे’ असं म्हणणारे खूप जण भेटतात. त्यावर शब्दांच्या याद्या पाठ करणं हा उपाय वाटतो. रिचर्ड्सने जगातली सगळ्यात भारी यादी पाठ केली, तरी फ्रेंच त्याची झाली नाही. शब्द आपला होतो तो त्याचा अर्थ शोधावा लागला की, आणि तो कुणाला तरी सांगावा लागला की.

म्हणून या आठवड्यात एक करा. घरी किंवा ट्रेनमध्ये नाव-गाव-फळ-फूल खेळा, पण दोन रकाने वाढवा. एक ‘स्वयंपाकघरातली वस्तू’ आणि दुसरा ‘आजीचा शब्द’. या शेवटच्या रकान्यात दहा गुण हवे असतील, तर आधी आजीला फोन करावा लागेल.

भेटू पुढच्या भागात!