नसलेल्या शहराच्या वेशीवर

अलिबागहून दक्षिणेकडे निघाले की आक्षी, नागाव, चौल ही गावे मागे पडतात आणि सुमारे १७ किलोमीटरांवर रस्ता एका पडक्या तटबंदीतून आत शिरतो. हे रेवदंडा. तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. पश्चिमेला तटाच्या पायाशी काळसर वाळूचा किनारा, सुरूची झाडे आणि ढासळून वाळूत रुतलेले चिरे. दक्षिणेला कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलेला दिसतो. शेजारच्या नागावात शनिवार-रविवारी जी झुंबड असते तिच्या मानाने येथे शांतताच. एम.ए.च्या वर्गाला घेऊन आम्ही दोघे येथे आलो, तेव्हा एका विद्यार्थिनीने सरळच विचारले, "सर, इथे पाहायचं काय?" आम्हांला चटकन उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा सुचलेले उत्तर होय.

एखाद्या महानगराच्या बाहेर, गर्दीपासून दूर असा किनारा असावा तसाच हा आहे. फरक इतकाच की येथे किनारा उरला आहे आणि महानगर नाही. ते महानगर म्हणजे चौल. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात आणि दुसऱ्या शतकात टॉलेमीच्या भूगोलात ते 'सेमिल्ला' या नावाने येते. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या प्राकृत लेखांत 'चेमुल' हे गाव भेटते. दहाव्या शतकाच्या आरंभी, हिजरी ३०४ मध्ये (इ.स. ९१६), अरब इतिहासकार अल-मसूदी येथे होता. त्याच्या 'सैमूर'मध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले होते आणि येथेच जन्मलेलेही होते. १४६९च्या सुमारास त्वेर या रशियन गावचा व्यापारी अफानासी निकितिन एक घोडा घेऊन याच बंदरात उतरला आणि पालीमार्गे जुन्नरला गेला. पावसाळा त्याने तेथेच काढला. 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' या त्याच्या टिपणांना जुन्या रशियन गद्यात मानाचे स्थान आहे.

पुढे पोर्तुगीज आले. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलुक आरमाराशी झालेल्या लढाईत व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. लुईस द कामोइशच्या 'ओस लुसियादस' (१५७२) या महाकाव्याच्या दहाव्या सर्गात त्याच्या मरणाचे वर्णन आहे. पोर्तुगालमधला साहित्याचा विद्यार्थी चौल हे नाव वाचत असावा, आपल्याकडच्या विद्यार्थ्याच्या वाचनात ते क्वचितच येते. १५२१ मध्ये निजामशहाच्या संमतीने पोर्तुगिजांनी येथे कोट बांधायला घेतला. पुढे मुर्तजा निजामशहाने १५७०-७१ मध्ये त्याला वेढा घातला. कोट टिकला. १७३९ मध्ये वसई पडली आणि १७४०च्या तहानुसार रेवदंडा व कोर्लई मराठ्यांकडे आले.

हे शहर एका दिवसात मेले नाही. खाडी गाळाने भरत गेली, मोठी गलबते आधी सुरतेकडे व नंतर मुंबईकडे वळली. सतराव्या शतकातच येथील रेशीम विणणारे कारागीर मुंबईत जाऊन वसू लागले होते. मागे राहिल्या त्या वाड्या, देवळे, तट आणि चर्चचा एक मनोरा. लोक त्याला 'सातखणी' म्हणतात, सातही खण आता शाबूत नसले तरी.

या शहराच्या हकिगती ग्रीक, अरबी, रशियन आणि पोर्तुगीज भाषांत आहेत. मग मराठीत काय आहे? एक फार मोलाची गोष्ट आहे आणि ती वाटेवरच आहे. आक्षीचा शिलालेख मराठीच्या आद्य लेखांत गणला जातो. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा लावला. काळाबद्दल मतभेद आहेत, असोत. पाठ्यपुस्तकांत पहिला मान बराच काळ श्रवणबेळगोळच्या लेखाला होता आणि तो शिकवताना आक्षी आपल्यापासून किती जवळ आहे, हे आम्हीही वर्गात कधी सांगितले नव्हते.

दुसरी गोष्ट मात्र आम्हांला अस्वस्थ करते. समोरच्या कोर्लई गावात ख्रिस्ती कुटुंबे घरात जी भाषा बोलतात, तिला ती 'नौ लिंग' म्हणजे 'आपली भाषा' असे म्हणतात. पोर्तुगीज शिपाई आणि येथील धर्मांतरित लोक यांच्या सहवासातून सोळाव्या शतकात ती जन्मली. १७४० नंतर राज्यकर्ते निघून गेले, तरी ती टिकली. शब्द बहुतांश पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पाव, चावी, मेज, पगार, बटाटा ही पोर्तुगीज शब्दांची यादी आम्ही भाषाविज्ञानाच्या तासाला दरवर्षी फळ्यावर लिहितो. खाडीपलीकडे देवघेवीचा उलटा प्रवाह जिवंत आहे, तेथे आम्ही कधी गेलो नव्हतो.

ही भाषा बोलणारे आता सुमारे हजारभर किंवा त्याहूनही कमी असतील. शाळेची, बाजाराची आणि १९६०च्या दशकानंतर चर्चचीही भाषा मराठी झाली. म्हणजे तेथे मोठी आणि लहानीला मागे सारणारी भाषा आपलीच आहे. इंग्रजीमुळे मराठीचे काय होणार, यावर आम्ही परिसंवादांतून तावातावाने बोलतो. कोर्लईतली एखादी आजी हाच प्रश्न मराठीबद्दल विचारू शकेल. त्यात कोणी जबरदस्ती केली असे नाही. मुलांनी शिकावे, नोकरीला लागावे, हे आईबापांनाच वाटते. इंग्रजी माध्यमाकडे वळणारे मराठी पालकही नेमके हेच सांगतात आणि त्यांच्यावर आम्ही रागावतो.

किनारा सुशोभित व्हावा की नाही, हा निर्णय तेथील लोकांचा आहे. होड्या आणि जाळी ज्यांची, त्यांना आधी विचारले पाहिजे. तटाचे चिरे मात्र समुद्र दर पावसाळ्यात मोजून नेत आहे आणि त्याची नोंद ठेवणे आम्हांला जमण्यासारखे आहे.

परतताना त्या विद्यार्थिनीने कोर्लईकडे बोट दाखवून विचारले, "सर, तिकडे जायला वेळ आहे का?" त्या दिवशी नव्हता. पुढील वर्षी भाषाविज्ञानाचा पहिला तास आम्ही तेथे घेणार आहोत आणि जाण्यापूर्वी गावकऱ्यांची परवानगी मागणार आहोत.