लुळ्या पडलेल्या श्वानाची कथा

डॅक्सहुंड हा जर्मनींतील लांब पाठीचा व आंखूड पायांचा कुत्रा. बिळांत शिरून जनावर हुसकणें हें त्याचें पिढीजात काम. पण सकाळीं बागडणारा हा प्राणी कधीं कधीं सायंकाळीं मागचे पाय फरफटत येई, आणि बहुधा त्यास मारून टाकण्यावांचून धन्यास दुसरा मार्ग सुचत नसे.

अशा श्वानांच्या मज्जारज्जूवर दाब देणारा पदार्थ १८९६ सालीं डेक्सलर यांनीं पाहिला. त्याचें मर्म मात्र पुढें कित्येक वर्षें उलगडलें नाहीं. १९३४ सालीं बोस्टनच्या मिक्स्टर व बार यांनीं, दोन मणक्यांमधील गादी फुटून मनुष्याच्या मज्जातंतूंवर दाब येतो, हें दाखविलें. पुढें स्वीडनमध्यें ऑल्सन यांनीं १९५१ सालीं व हॅन्सन यांनीं १९५२ सालीं श्वानांतील याच विकाराचें सविस्तर विवेचन केलें. आंखूड पायांच्या जातींत गादीचा मऊ गाभा कोवळ्या वयांतच सुकून चुन्यासारखा कठीण होतो. मग साधी उडीहि घातक ठरते.

त्याच सुमारास अमेरिकेंत पाठीच्या मणक्याची एका बाजूची कमान कापून तो गाभा काढूं लागले. मानेंत मात्र तो रज्जूच्या खालीं असतो. म्हणून शस्त्रवैद्य गळ्याकडून शिरतो, श्वासनलिका बाजूस सारतो आणि मणक्यांत बारीक खांच कोरतो.

लुळ्या पायाच्या बोटास जोरानें चिमटा घेतल्यावर कुत्रा कळवळला, तर तो पुन्हां चालण्याची आशा मोठी. वेदनाच हरपली, तर ती निम्म्यावर येते. म्हणूनच येथें विलंब घातक. पूर्वी ज्या कळवळण्यावर मृत्यु हाच उतारा होता, तेंच आज आशेचें चिन्ह ठरलें आहे.